नळ कोणाचा, गॅस कोणाचा

अगं, रात्री पावणेबाराला ‘ताई, जागी आहेस का?’ असं विचारणाऱ्या बाईची झोप कामामुळे उडालेली नसते. काम तर दहालाच उरकलेलं असतं. भांडी पालथी घातलेली, विरजण लावलेलं, ओटा पुसलेला. तरी डोकं चालूच. उद्या नळ आहे का? सिलिंडर कधी लावला होता? दूधवाल्याचे किती झाले? ह्याची नाइट सोमवारपासून की मंगळवारपासून? सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील, त्यांना फोन कोण करणार? खरं सांगू का, तुला घर दमवत नाहीये, घराची ही उजळणी दमवतेय.

तू लिहिलंयस की नवरा चांगला आहे, सांगेल ते करतो, तरी त्याचा राग येतो आणि मग रागाचीच लाज वाटते. लाज-बीज काही वाटून घेऊ नकोस. ‘सांगेल ते करतो’ इथंच तर सगळी गोम आहे. सांगायचं कोणी? तू. कधी सांगायचं हे ध्यानात कोणी ठेवायचं? तू. झालं का नाही हे विचारायचं कोणी? पुन्हा तूच. म्हणजे हात त्याचे आणि डोकं तुझं. आणि हे डोकं घेऊन तू रोज सकाळी रिक्षात दाटीवाटीने बसून माळीवाड्याला उतरतेस, दिवसभर काउंटरवर लोकांच्या नोटा मोजतेस आणि संध्याकाळी परत भिंगारला येऊन विचारतेस, ‘आज काय करू?’

तर ऐक. काम त्याला द्यायचंच, पण आठवणीसकट द्यायचं. ‘जरा गॅसचा नंबर लावा ना’ हे काम देणं नव्हे. ‘आजपासून गॅस तुमचा’ हे देणं. मग तो संपला, तर संपला. तुझा नव्हताच तो.

तुला वाटेल ताई सांगतेय सोपं. सोपं नाही गं. आपल्याला सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. पण पाण्यापासून सुरुवात कर, कारण आपल्या भिंगारात पाणी आपोआप शिकवतं.

इथं संसार मांडायचा म्हणजे आधी नळाशी सोयरीक जमवावी लागते. रोज येत नाही, आला तर वेळ ठरलेली नाही, आणि उन्हाळ्यात तर पाहुण्यासारखा, येतो म्हणून येत नाही. मी नवी आले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं ते असं : हा पिंप पिण्याचा, हा वापराचा, ही टाकी, हा व्हॉल्व, आणि हा देव. व्हॉल्व देवाच्या आधी! गंमत बघ, निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शहापूर आणि आपल्या भिंगारच्याच बाजूने खापराच्या नळांतून नगर शहराला पाणी नेलं होतं. भिंतींच्या, शेतांच्या पोटातून, नुसत्या उतारावर, मोटर नाही की काही नाही. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इथून पाणी शहरात जायचं आणि आज आपण पिंपाशेजारी कान लावून बसतो. आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या काकू म्हणायच्या, भिंगारच्या सुनेला वारा कुठून वाहतो ते नाही कळलं तरी चालेल, नळात हवा सुसू करायला लागली की ते कळलं पाहिजे. खरंच आहे. पाणी यायच्या आधी दोन-चार मिनिटं तोटीतून हवा येते. तो आवाज मला झोपेतही ऐकू यायचा. आमच्या ह्यांना मात्र शेजारच्या मैदानात बँड वाजला तरी जाग नाही.

मग एका उन्हाळ्यात मी जाहीर केलं, नळ तुमचा. पहिल्या आठवड्यात काय झालं असेल ते तू ओळखलंच असशील. पहाटे तोटी सुसू करायला लागली, मी टक्क जागी, आणि बाजूला स्वारी घोरतेय. अगं, माझे पाय नुसते शिवशिवत होते. पण मी चादर डोक्यावर घेतली आणि पडून राहिले. पाणी आलं आणि गेलं. सकाळी पिंपात वीतभर पाणी. ह्यांनी अर्ध्या बादलीत आंघोळ केली, मी तोंडावर पाणी मारून शाळेला पळाले, आणि संध्याकाळी समोरच्या वहिनींकडून दोन हंडे मागून आणायला मी गेले नाही, हे गेले. कोणी मेलं-बिलं नाही. उलट त्या रात्री ह्यांनी गल्लीतल्या पुरुषांचा पाण्याचा ग्रुप काढला. व्हॉल्व उघडणाऱ्या माणसाचा नंबर मिळवला. आज कोणत्या भागाला पाणी सुटलंय, हे मला शेजारणी विचारतात आणि मी सांगते, ‘आमच्या ह्यांना विचारा, पाणीपुरवठा खातं त्यांच्याकडे आहे.’ छाती अशी फुगते म्हणून सांगू!

पाण्याचं खातं देताना एक गोष्ट मात्र त्याच्याबरोबर बसून नीट समजावून दे, कारण त्यात हयगय चालत नाही. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो डास अंडी घालतो ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला, आणि ती तिथं चिकटून बसतात. पाणी ओतून दिलं, पिंप कोरडा केला, तरी अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की जिवंत. म्हणून नुसतं ओतायचं नाही, काथ्याने नाही तर ब्रशने कडा खसाखसा घासायची. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पिंपाला झाकण घट्ट, आणि टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर वर जुन्या धोतराचं फडकं बांधायचं. कुलरची टाकी आणि फ्रीजच्या मागचा ट्रे सगळे विसरतात, तिथं हमखास असतात मेले. हे सगळं एकदा सांगायचं, नंतर नाही. दुसऱ्यांदा सांगितलंस की खातं परत तुझ्याकडे आलं, बघ.

आता गॅस. सिलिंडर घरात घेताना तो काय बघणार, तेही एकदाच दाखव. आपल्या घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन वर रंगवलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर यायला हवी. आणलेल्या माणसाकडे काटा असतो, मागायला लाजायचं नाही. कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं, ए, बी, सी नाही तर डी. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. तेवढी तारीख उलटून गेली असेल तर टाकी परत. आणि ती केशरी नळी दर 5 वर्षांनी बदलायची. आमच्याकडे पहिली काही वर्षं मी टाकी हलवून ‘अजून आहे’ म्हणायची आणि ऐन पाहुण्यांच्या पोळ्यांना ती दगा द्यायची. हलवून काही कळत नाही गं, उगाच पाठीत भरते.

आता स्वयंपाक. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझं अर्धं रडगाणं स्वयंपाकघरातलं आहे.

आधी चहा. त्याला सकाळचा चहा स्वतःचा स्वतः करू दे. सेकंड शिफ्टच्या दिवशी तर तुझाही करू दे. ‘त्याला जमत नाही’ म्हणून मला सांगू नकोस. आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर नगरचा भुईकोट किल्ला आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशा सगळ्यांना तिथं आणून डांबलं होतं. नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, ते सगळ्यांना पाठ असतं. पण आझादांनी त्याच किल्ल्यात जी पत्रं लिहिली, ‘गुबारे खातिर’ नावाने ती पुढे छापली गेली, त्यांत चहाच चहा आहे. काँग्रेसचा अध्यक्ष माणूस, भल्या पहाटे उठायचा आणि स्वतःच्या हाताने चहा करायचा. चमेलीच्या वासाचा, चिनी. दूध घालणाऱ्यांची तर त्यांनी अशी खिल्ली उडवलीय की आपला वाफाळता दुधाळ चहा पिताना मला अजून थोडं ओशाळल्यासारखं होतं. त्याच पत्रांत खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई आणि मग दोस्ती असा एक किस्सा आहे. आणि त्याच पत्रांत, 1943 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला बायको गेल्याची बातमी आल्याचंही आहे. किल्ल्यात अडकलेला माणूस, शेवटची भेट नाही. चहाचं सांगता सांगता मी कुठं गेले बघ. सांगायचं एवढंच होतं की तुरुंगात मौलानांना जमलं, तर आपल्या सदर बाजारामागच्या दोन खोल्यांत तुझ्या नवऱ्याला का जमू नये?

दुसरं, भाकरी. तू कोल्हापूरकडची, ज्वारीवर हात बसलेला, आणि इथं थंडी पडली की घरोघर बाजरी. तुझ्या भाकरीला चिरा पडतात म्हणून तू रडलीस म्हणे. त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही, विरी गेलेल्या पिठाचा आहे. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळलं की ते पीठ फार दिवस धरत नाही, आठ-दहा दिवसांत कडवट वास मारतो आणि भाकरी थापताना फाटते. महिन्याचं एकदम दळून आणू नकोस. थोडं थोडं दळ, आणि ते दळण नवऱ्याचं खातं कर, गिरणी त्याच्या वाटेवरच आहे. पाणी कढत घे, चटका बसेल असं. पीठ आधी चमच्याने कालव आणि मग तळहाताच्या मुळाने रगड. बोटांनी नाही, तळहाताच्या मुळाने. पिठाचा गोळा जोवर परातीला चिकटतोय तोवर रगडायचं, परात सोडायला लागला की झाला. थापताना कडेने फाटायला लागलं तर ओलं बोट फिरव आणि पुढे चल. तव्यावर टाकलीस की वरून पाणी लाव, पण ते सुकू द्यायच्या आत उलट. पाणी वाळलं आणि मग उलटलीस की ती फुगत नाही, मग बाई कितीही पुण्यवान असो. भाकरी जाड झाली तर होऊ दे. आमच्याकडे एका पावसाळ्यात माझ्या भाकऱ्या इतक्या जाड व्हायच्या की सासरे म्हणाले, सुनबाई, एकीचे दोन भाग केले तर दोघांचं भागेल. मी हसत हसत दोन भाग केले. ते खरंच भागलं.

आणि ती ‘आईसारखी शेंगोळी’! त्याने म्हटलं, ‘आईच्या हाताची चव नाही’, आणि तू दोन दिवस तोंड फुगवून बसलीस. अगं, येणार कशी? हुलग्याचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, मीठ, तिखट, घट्ट मळायचं, तेलाच्या हाताने वळायचं आणि उकळत्या रश्श्यात सोडायचं, एवढं कोणीही सांगेल. पण त्याची आई वळताना बोटाने किती दाबते, रस्सा किती आटवते, हे ती लिहून देणार नाही, तिला स्वतःलाही सांगता येणार नाही. म्हणून एक कर. पुढच्या वेळी तो असं म्हणाला की फोन त्याच्या हातात दे. ‘आईंना विचारा, काय राहिलं?’ त्याने त्याच्या आईला विचारायचं. तिला बरं वाटेल, त्याला कळेल, आणि तू चाचणी देणारी उमेदवार राहणार नाहीस. आमच्या ह्यांनी असा फोन लावला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘अरे, ती शेंगोळी कधी कधी तुझ्या आत्यानेही केलेली असायची.’ झालं! ज्या चवीसाठी मी रडले ती आत्याची निघाली.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण तू बँकेत आहेस, तुला मी काय शिकवणार? पण बँकेत बसणाऱ्या पोरींच्याच घरचे कागद अर्धवट असतात हे मी पाहिलंय. घराचा भाडेकरार तोंडी ठेवू नकोस. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालक गोड आहेत हे कबूल, गोड माणसांशीच कागद करावा, मग गोडवा टिकतो. लग्नाची नोंदणी झाली का? 90 दिवसांच्या आत करायची असते, नंतर होत नाही असं नाही, पण दंड आणि हेलपाटे. आडनाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, तेव्हा गल्लीतल्या कोणी टोकलं तर हसून ‘बघू’ म्हण आणि पुढे चल. वीजबिलात 100 युनिट ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, ते बिल त्याच्या मोबाइलवर येऊ दे, तुझ्या नको. गीझर चालू राहिला म्हणून ओरडायची पाळी मग आपोआप त्याची येते. हा माझा फार आवडता खेळ आहे.

पाहुणे. हं. त्याच्या घरचे आले की तू रजा टाकतेस, तुझ्या घरचे आले की तोही टाकतो का? नाही ना? मग ठरवून टाका : ज्याचे पाहुणे, त्याने फिरवायचं. त्याला म्हणावं, मामंजींना टँक म्युझियम दाखवून आणा. पहिल्या महायुद्धाच्या काळातली चिलखती रोल्स रॉइस, 1965 च्या लढाईत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, असलं सगळं तिथं उभं आहे. बापलेक दोघं तासन्‌तास रमतात आणि तोवर तू आणि सासूबाई निवांत चहा पिऊ शकता. मामंजी पॅटनसमोर उभे राहून फोटो काढणार, तो फोटो फॅमिली ग्रुपवर येणार, आणि तू ‘वा!’ लिहायचं. बस्स, तुझं एवढंच काम.

आता नाइट शिफ्टचं. हे खरं अवघड आहे, यात मी गंमत करत नाही. नागापूरहून तो सकाळी येणार, गावाच्या ह्या टोकापर्यंत येईपर्यंत ऊन चढलेलं, आणि तो झोपायला जातो तेव्हा गल्ली जागी होते. भंगारवाला, दळणाची गिरणी, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, कॅम्पाकडून कवायतीच्या आरोळ्या, कधी कधी लांबून सरावाचे धूडधूड आवाज. नवीन असताना मला वाटायचं कुठं तरी भिंतच पडली. इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, तान्ही पोरंसुद्धा त्यात झोपतात. खिडकीला जाड सतरंजी टांग, तुझा कुकर आदल्या रात्रीच लावून ठेव, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडून कोणत्याही गंभीर विषयावर उत्तराची अपेक्षा धरू नकोस. नाइटच्या तिसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न आणि त्यावरून झालेलं भांडण, दोन्ही बाद धरायचे. हा आमच्या घरचा नियम आहे आणि त्याने आमचा संसार वाचलाय.

भांडणावरून आठवलं. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असतात म्हणतात, पण खिडक्या एकमेकींकडेच उघडतात. आम्ही कुजबुजत भांडायचो. कुजबुजत भांडताना माणूस इतका हास्यास्पद दिसतो की निम्म्या वेळा मलाच हसू फुटायचं. खरंच मोठं बोलायचं असेल तर पाथर्डी रस्त्याने निघा आणि शाह डोंगरावर जा. तिथं चांदबिबी महाल म्हणतात ना, तो मुळात चांदबिबीचा नाहीच, निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. तो वारला 1589 मध्ये. अष्टकोनी, तीन मजली, वर वारा असा की तुम्ही कितीही मोठ्याने बोललात तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही. वर जाईपर्यंत राग निम्मा होतो, आणि खाली सगळं नगर पसरलेलं दिसतं, त्यात आपली गल्ली शोधण्यात उरलेला निम्मा जातो. फक्त माकडांपासून पिशवी सांभाळ आणि येताना पेट्रोलचं बघायचं खातं कोणाचं आहे ते आधी ठरवून घे.

आता शेवटचं आणि तुला सगळ्यात न पटणारं. तू रविवारी दुपारी झोपत नाहीस. ‘झोपले की अपराध्यासारखं वाटतं’ म्हणालीस. ऐक हं. नवरात्रात आपल्या भिंगारात पलंग-पालखीची भेट होते, ती तू या वर्षी बघशीलच. तुळजाभवानीचा पलंग येतो घोडेगावहून, जुन्नर, नगर करत, आणि पालखी येते इथल्याच बुऱ्हाणनगरहून. दोघांची भेट आपल्या गावात होते आणि मग दोन्ही तुळजापूरला जातात. दसऱ्याला देवी त्या पालखीत बसून सीमोल्लंघन करते आणि मग त्या पलंगावर झोपते, कोजागरी पौर्णिमेपर्यंत. श्रमनिद्रा म्हणतात तिला. महिषासुराशी लढून दमलेली असते ना! शिवाय नवरात्राच्या आधी घोरनिद्रा आणि पौषात मोहनिद्रा, अशी वर्षातून तीनदा देवी झोपते. तिला कोणी विचारत नाही की बाई, भांडी झाली का, नळ भरला का. आणि तिची पालखी, तिचा पलंग दरवर्षी नवा, माणसं खांद्यावरून कोसच्या कोस वाहून नेतात. तेव्हा आई तुळजाभवानीला चालतं ते तुला चालायला काही हरकत नाही. तू महिषासुर मारला नसशील, पण मार्चएंड काढलायस.

पहिल्या पाच-सात रविवारी तू आडवी पडशील आणि डोक्यात याद्या फिरतील. फिरू देत. एखादी गोष्ट आठवलीच तर उठून त्याला सांगायला जाऊ नकोस. दारावर एक वही टांग, त्यात लिही, आणि ज्याचं खातं त्याच्या नावापुढे लिही. आमच्याकडे अशी वही आहे. तिच्यात ह्यांच्या अक्षरात ‘आईच्या गोळ्या’ हे वाचलं त्या दिवशी मी कोणाला सांगितलं नाही, पण मला साडी मिळाल्यापेक्षा बरं वाटलं होतं.

एक मात्र सांभाळ. खातं दिलंस की त्याच्या पद्धतीने होऊ दे. तो पिंप भरताना पाणी सांडेल, दळण जाडसर आणेल, कपडे वाळत घालताना बाह्या उलट्याच ठेवेल. तू मागून जाऊन नीट करू नकोस. माझ्या एका मैत्रिणीने नवऱ्याला घड्या घालायला लावल्या आणि रोज रात्री गुपचूप त्या मोडून पुन्हा घातल्या. त्याला कळलं तेव्हा त्याने हात जोडले, आणि त्यानंतर त्या घरात त्याने एक रुमालसुद्धा दुमडला नाही. बाह्या उलट्या असल्या तर घालताना सुलट्या होतात, बघ.

बरं, येत्या रविवारी दोघं जेवायला या. संध्याकाळी नाही, दुपारीच, म्हणजे जेवून तू आमच्या माजघरात झोपशील आणि आमचे हे तुझ्या नवऱ्याला टाकीचा फ्लोट कसा बसवायचा ते दाखवतील. त्यांना शिष्य हवाच असतो. शेंगोळी मी करते. हुलग्याचं पीठ तेवढं येताना आण, माझं संपलंय. तू नको आणू गं, त्याला सांग. नाही, सांगूही नकोस. मी त्यालाच फोन करते.